प्रश्न क्रमांक अकरा

दीड वाजता सीबचा बाजार शटर ओढून झोपतो.
सुक्या माशांचा वास तेवढा जागा.
आमचंही शटर अर्धं खाली होतं, तेव्हा वाकून आत आली
शम्सा, फार्मसी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची,
अबायाच्या बाहीवर धूळ, हातात कागद.
"दक्तूरा, दहाच मिनिटं. नाव लिहायचं नाही."

नाव लिहायचं नाही म्हटलं की माणूस खरं बोलतो,
निदान बोलायला बसतो.

वय एकेचाळीस. अनुभव सतरा वर्षं,
त्यातली अकरा या काउंटरमागे.
पदवी? कराड. त्याला जागा एवढीशी.

डेंग्यू विषाणूमुळे होतो. हो.
शिंकेतून पसरतो. नाही.
पपईच्या पानांच्या कॅप्सूलने बरा होतो.
इथे मी मागच्या फळीकडे पाहिलं,
जिथे त्या तीन ओळींत उभ्या आहेत, चांगल्या खपतात,
आणि "नाही"वर खूण केली.

प्रश्न सात. डास केव्हा चावतो?
पेन आधी रात्रीच्या चौकोनात गेलं.
इतकी वर्षं मी रात्रच तर विकत आले,
कॉइल, मलम, बाळाच्या पाळण्यावरची जाळी.
मग आठवली ती, पट्टेरी पायांची,
उजाडताना आणि दिवेलागणीला घोट्यांपाशी घुटमळणारी,
दिवसाढवळ्या.
खोडलं. खोडलेलं दिसतं.

प्रश्न अकरा. या तापात कोणती गोळी देऊ नये?
उत्तर येत होतं मला.
कॉलेजातल्या बाकापासून येत होतं.
पण कागदावरून इद्रिस उठून उभा राहिला.

इद्रिस, नोआखालीचा, फरशा बसवणारा.
रविवारी दुकान बंद होता होता आला.
डोळ्यांच्या मागे दुखतं म्हणाला,
हाडं कुणी पिळतंय म्हणाला,
हिंदीत, मग बांगलात, मग नुसत्या हातांनी.
हाडमोड्या ताप.
आमच्याकडचा शब्द जिभेच्या टोकावर होता,
आणि रांगेत चार माणसं होती.
"काल काम आछे, आपा. जोरवाली दो."
मी जोरवाली दिली.
चारशेची, दहाची पट्टी, सहाशे बैसा.
वर सांगितलंही, जेवल्यावर घे.

मी बरोबर चौकोन भरला.
त्याचा एक गुण मला मिळाला असेल.

चार वाजता शिनोजला म्हटलं, तू उघड.
बेकरीमागची खोली, आठ खाटा, सात रिकाम्या.
"ताप गेला, आपा," तो हसला.
ताप गेला म्हणजे संपलं नाही,
आताच तर बघायचं असतं,
हे कुठल्याच चौकोनात नव्हतं.
दात लाल होते. पानाने की कशाने, कळेना.
पोटाला हात लावू देईना.
पट्टीत तीन गोळ्या उरल्या होत्या, त्या मी काढून घेतल्या,
आणि टॅक्सीवाल्याला आरोग्य केंद्राचं नाव दोनदा सांगितलं.

परत निघताना दारावरच्या एसीखाली
कापलेला निळा कॅन.
थेंब, थोड्या वेळाने थेंब.
सात महिन्यांत या गावावर पावसाची सर नाही,
आणि कॅनमध्ये, डोकं खाली, शेपूट वर,
स्वल्पविराम वळवळत होते.
तो तिथेच ओतला, तापल्या वाळूवर.

मग पावलं आपोआप भराभर पडली.
आमच्याही दुकानामागे एसी आहे.
त्याखाली बादली आहे. त्या पाण्याने आम्ही फरशी पुसतो,
पाणी वाया घालवायचं नाही, ही माझीच शिस्त.

सात वाजले. समोरच्या मशिदीतले लोक चपला शोधत होते.
शिनोज दारात येऊन उभा राहिला.
"चेची, पाणी तर केव्हाच सांडलंत.
आता काय घासताय?"

कड, म्हटलं.
पाणी होतं त्याच्या जरा वर, इथे, बोट लाव.
काही दिसत नाही ना?
कोरडी पडली तरी ती महिनोन्महिने थांबतात.

केंद्रातून अजून फोन नाही.
आत कुणीतरी काउंटरवर नाणं वाजवतंय.
आले म्हणावं. आणि विचारून ठेव,
ताप कितव्या दिवसाचा.